पुण्याचा वाहनपट्टा: व्हेंडर घटले, टप्पे राहिले

पिंपरी, चिंचवड, भोसरीची औद्योगिक वसाहत साठच्या दशकात कशी उभी राहिली, ते नव्याने सांगायला नको. त्या काळी मोठ्या वाहन कारखान्यांचा कल शक्य तेवढं आपल्याच आवारात बनवण्याकडे असे. बाहेरच्या शेडला, म्हणजे छोट्या वर्कशॉपला, उरलंसुरलं काम मिळे, आणि ते देणारा खरेदी विभाग प्रत्येक शेडवाल्याला चेहऱ्याने ओळखे.

आजचा गुंता समजून घ्यायचा तर १९९१ नंतरच्या एका निर्णयाकडे यावं लागतं. स्पर्धा वाढली, तशी कंपन्यांनी थेट व्हेंडरांची, म्हणजे पुरवठादारांची, संख्या कापायला सुरुवात केली. शेकडो पुरवठादारांशी स्वतंत्र व्यवहार करण्याऐवजी मोजके टियर-वन, म्हणजे कंपनीला थेट माल देणारे पहिल्या फळीतले पुरवठादार, निवडायचे, त्यांच्याकडून सुटे भाग नव्हे तर जोडलेली असेंब्ली घ्यायची आणि त्यांच्या संगणकाला आपलं शेड्यूल, म्हणजे माल कधी किती हवा याचं वेळापत्रक, जोडून द्यायचं. कागदावर साखळी आटोपशीर झाली. साठा कमी झाला, पीपीएममध्ये (दहा लाख नगांमागे किती) मोजलं जाणारं रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेला माल, घटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण कामाचे टप्पे कुठे गेले? साधा गिअर घ्या. फोर्जिंग, टर्निंग, दाते पाडणं, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग. ही पाच कामं पूर्वीही पाच ठिकाणी होत आणि आजही बऱ्याचदा होतात. फरक इतकाच, की त्यातला चौथा शेडवाला आता कंपनीच्या यादीत नाही. त्याला शेड्यूल टियर-वनकडून येतं, तेही फोनवर आणि दोनदा बदलून. लाइन थांबली तर नुकसान वसूल करणारी डेबिट नोट मात्र त्याच्यापर्यंत बरोबर पोचते. एकात्मीकरण वरच्या मजल्यावर झालं आणि गुंतागुंत तळघरात ढकलली गेली, असं म्हणणाऱ्या लघुउद्योजकांची बाजू मला जास्त पटते. कंपन्या याला कार्यक्षमता म्हणतात. त्यांच्या ताळेबंदापुरतं ते खरंही आहे.

तळापर्यंत सगळ्यांना एका धाग्यात ओवलं ते करव्यवस्थेने. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांचा काळ मागे पडून जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही तर खरेदीदाराचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकू लागलं, जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडे प्रक्रियेसाठी, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आणणं किंवा तिथूनच पुढे पाठवणं बंधनकारक झालं. नंतर आयकर कायद्यात तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं पेमेंट करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत केलं नाही, तर तो खर्च पैसे चुकते होतील त्याच वर्षी मान्य होईल. एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. हेतू चांगला, पण ऑर्डर या तरतुदीबाहेरच्या मध्यम उद्योगांकडे वळतील ही भीती वसाहतीत लगेच बोलली जाऊ लागली.

मधल्या चिपटंचाईने वरच्या मजल्याचं अज्ञान उघडं पाडलं. २०२१ मध्ये गाड्या अडकल्या त्या टियर-वनच्याही पलीकडे, परदेशात बनणाऱ्या चिपवाचून. चिप बनवणाऱ्यांशी थेट करार नव्हता, त्यामुळे दरडावायचं तरी कुणाला?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेवरच्या गाड्यांच्या मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मीळ मृदा (रेअर अर्थ) चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हाही तेच झालं. पुण्याच्या पट्ट्यात विजेवरच्या दुचाकींचं उत्पादन आखडतं घ्यावं लागलं. चुंबक कशासाठी वापरणार याची प्रमाणपत्रं द्यायची होती सुटे भाग आयात करणाऱ्यांनी. वाहन कंपन्यांच्या हाती उरला तो पाठपुरावा.