शुगरवाल्यांचं डिप्रेशन आणि व्हिटॅमिनची गोळी

"शुगर आहे ना, मग व्हिटॅमिन डी आणि फिश ऑइल सुरू कर, डिप्रेशन पळून जाईल" हे कित्येक वर्षं फिरतंय. अहो, अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर लोकांवर साधारण ५ वर्षं तपासून बघितलं (सगळे शुगरवाले नव्हते), रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी घेऊनही डिप्रेशन टळलं नाही, फिश ऑइलनेही नाही. खरं एवढंच की मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं, मग थकवा, मुंग्या, मन खचणं, म्हणून रक्त तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढाच. पण सतत रडू येतंय, झोप नाही, इन्सुलिन घ्यायचीही इच्छा होत नाही, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका प्लीज.