पाल, सापसुरळी, सरडा, घोरपड: चार नावांमागची पार्श्वभूमी

मराठीत 'लिझर्ड'ला एकच एक शब्द नाही. भिंतीवर असते ती पाल, बांधावर मान हलवत बसतो तो सरडा, पाचोळ्यातून सुळकन जाते ती सापसुरळी आणि बिळातून जीभ लपलपवत बाहेर येते ती घोरपड. शाळेच्या पुस्तकात सगळ्यांना मिळून 'सरडे' म्हणायची वेळ येते आणि तो शब्द अपुरा पडतो. पण ही भाषेची उणीव नाही. बीड-परभणीकडच्या शेतकऱ्याने जे चार वेगळे जीव मानले, ते आजच्या वर्गीकरणातही चार वेगळ्या शाखांवर बसतात. शास्त्राला तिथे पोहोचायला जवळपास अडीचशे वर्षं लागली.

1758 साली सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने या प्राण्यांसाठी 'लॅसर्टा' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवली तेव्हा त्यात मगर होती आणि सॅलमँडरही होता, जो मुळात बेडकांच्या गोतातला. चार पाय आणि शेपटी एवढीच खूण त्या काळी पुरेशी होती. 1802 मध्ये दोदँ या फ्रेंच अभ्यासकाने आपला बागेतला सरडा आणि आपली घोरपड या दोघांना शास्त्रीय नावं दिली. जातीची ती नावं, 'व्हर्सिकलर' म्हणजे रंग बदलणारा आणि 'बेंगालेन्सिस' म्हणजे बंगालचा, आजही चालू आहेत.

मराठवाड्याचा धागा इथे जोडला जातो. थॉमस जर्डन हा लष्करी डॉक्टर 1837 नंतरची काही वर्षं घोडदळाबरोबर जालन्याच्या छावणीत होता. त्याचं नाव पक्ष्यांसाठी घेतलं जातं, पण दख्खनचे सरपटणारे प्राणीही त्याने नोंदवले. गळ्याला पंखा असलेल्या एका सरड्याला त्याने 1870 मध्ये 'डेक्कनेन्सिस' हे नाव दिलं. हा पंखावाला सरडा उघड्या माळावरचा. विणीच्या काळात नर दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो, मिटतो. 2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी या गटातल्या काही जाती वेगळ्या काढल्या आणि नव्या प्रजातीला नाव दिलं 'सरडा'. जगभरच्या शोधनिबंधांत आता हा मराठी शब्द रोमन लिपीत छापला जातो.

खरी उलथापालथ झाली ती डीएनएच्या तुलनेमुळे, साधारण 2005 पासून. मूळ खोडापासून पाली फार लवकर वेगळ्या झाल्या, त्यानंतर सापसुरळ्या. सरडे, घोरपडी आणि साप मात्र एकाच फांदीवर निघाले. म्हणजे घोरपड पालीपेक्षा सापाला जवळची. साप हे पाय गमावलेल्या सरड्यांच्याच (इथे शाळेच्या पुस्तकातल्या व्यापक अर्थाने) वंशातले, त्यामुळे साप बाजूला काढून 'सरडे' नावाचा गट मानणं ही वंशाच्या दृष्टीने केवळ सोय आहे. सापांखेरीज उरलेल्या या गटात आज 7,000हून जास्त जाती आहेत. याचा सर्वांत जुना मानला जाणारा जीवाश्म इटलीतला, सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचा. मराठवाड्याच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. हा दगड तप्त लाव्हा होता तेव्हा पालींची शाखा केव्हाच फुटून वेगळी झाली होती.

गटाची शारीरिक लक्षणं मोजकी आहेत: केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांत असतं त्या द्रव्याचे खवले, तुकड्या-तुकड्यांनी सुटणारी कात, बहुतेकांना बाहेरून दिसणारं कानाचं छिद्र, बहुतेकांना मिटणाऱ्या पापण्या. घरातल्या पालीला पापणी नाही, डोळ्यावर पारदर्शक झाकण असतं आणि ती ते जिभेने पुसते. घशातून आवाजही तीच काढते, बाकीचे फार तर फुसकारतात. शंकेची पाल चुकचुकते, सरडा चुकचुकत नाही, हे मराठीने नेमकं टिपलं आहे.

शेपटीकडे जरा थांबून बघायला हवं. पालीच्या शेपटीच्या मणक्यातच आडवी तूट ठरलेली असते, दोन मणक्यांच्या मध्ये नव्हे. स्नायू आवळले की तिथेच शेपटी सुटते आणि रक्तवाहिन्या लगेच आखडतात, म्हणून रक्त फारसं येत नाही. नवी शेपटी येते तिच्यात हाड नसतं, कूर्चेची दांडी असते. खवले वेगळे, रंग वेगळा, आखूडही. पुन्हा तोडायची वेळ आली तर जुन्या तुटीच्या वरच, मूळ मणके शिल्लक आहेत तिथे तुटते. शेपटीत चरबी साठवलेली असते, त्यामुळे हा सौदा महागात पडतो. बागेतल्या सरड्याला ही सोय नाही, घोरपडीलाही नाही. सरडा शेपटीला धरून उचलला की तो जखमी होतो, सुटत नाही.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीमागे शरीराचा हिशोब आहे. सरडा धावताना अंग डावी-उजवीकडे वाकवतो आणि त्यासाठी लागणारे बरगड्यांचे स्नायूच श्वासालाही लागतात. दोन्ही कामं एकदम नीट होत नाहीत. 1987 मध्ये डेव्हिड कॅरिअर या अभ्यासकाने हे मांडलं. म्हणून तो झटक्यात पळतो, थांबतो, धापा टाकतो. घोरपडीने यावर तोड काढली आहे. ती गळा फुगवून हवा फुप्फुसात ढकलते, आणि म्हणून लांबपर्यंत पळू शकते. आफ्रिकेतल्या घोरपडीवरच्या प्रयोगांत 1999 साली हे दिसून आलं.

विषाची भीती फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात 'गौधेरक' नावाचे पाच विषारी प्रकार सांगितले आहेत. हे नाव गोधा, म्हणजे घोरपडीवरूनच आलेलं. घोरपड आणि नाग यांच्या संकराची कल्पना जुन्या वैद्यकात होती आणि गावोगाव अजून ऐकू येते. वास्तवात आपल्याकडच्या पाल, सरडा, सापसुरळी किंवा घोरपडीच्या चाव्याने विषबाधा होऊन माणूस मरत नाही. घोरपडीचे दात मात्र मागे वळलेले असतात, जखम खोल जाते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. दुधात पाल पडून उलट्या होतात तिथे कारण विष नसतं. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ते दूध टाकून द्यावं, रात्री भांडी झाकून ठेवावीत. विणीच्या काळात नर सरड्याचं डोकं-गळा लाल होतो आणि 'लांबून रक्त पितो' म्हणून पोरं त्याला दगड मारतात. तो रंग शेजारच्या नराला दिलेला इशारा असतो, बाकी काही नाही.

या समजुतींत सर्वांत जास्त भरडली गेली ती घोरपड. तेलासाठी तिला मारतात, नराची जननेंद्रियं वाळवून 'हत्था जोडी' या नावाने झाडाची मुळी म्हणून विकतात. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारली तर 3 ते 7 वर्षं कैद. विहिरीत पडलेली किंवा खुराड्यात शिरलेली दिसली तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

पाल सोडली तर आपल्याकडचे बहुतेक सगळे मातीत अंडी घालतात. सरड्याची मादी पावसाने मऊ झालेल्या जमिनीत खड्डा करून दहा-वीस अंडी पुरते. ती फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. न नांगरलेला बांध त्यासाठी हवा. रचीव दगडांच्या फटीत सापसुरळी राहते, माळवदाच्या तुळईखाली पाल. बांध कोरून सरीला जोडला, पऱ्हाटीचं कूड काढून तार ओढली, की यातलं बरंच एका हंगामात जातं.

पाचवी शाखाही मराठवाड्याच्या बरड रानात आहे. बोटभर अंगाचा, लांब शेपटीचा, गवताच्या बुडातून पळणारा हा जीव. सापासारखा न मिटणारा डोळा ही त्याची ओळख. 1853 साली ब्लाइद या प्राणिशास्त्रज्ञाने जर्डनच्याच नावावरून त्याचं नामकरण केलं. रोजच्या बोलीत त्याला वेगळं नाव ऐकू येत नाही, लोक त्याला सापसुरळीच म्हणतात.