दीडशे सीसीने सव्वादोनशेला गाठलं कसं?

वाईहून पसरणी घाट चढून वर आलं की कडेला बाइक लावून माणूस खाली वाकतो आणि इंजिनाजवळ हात नेऊन बघतो. ‘टिक... टिक...’ असा आवाज येत असतो. तापलेला धातू गार होताना आकसतो, त्याचा तो आवाज. यात बिघाड काही नसतो.

हीरो होंडाची करिझ्मा २००३ साली आली: २२३ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, ताकद सुमारे १७ पीएस (अश्वशक्ती). यामाहाची आर१५ आली २००८मध्ये. तिचं इंजिन जेमतेम १५० सीसीचं, तरी ताकद तेवढीच, १७ पीएस. मग वरच्या त्र्याहत्तर सीसीचं काम केलं कुणी?

बरंचसं फेऱ्यांनी. करिझ्माची पूर्ण ताकद ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या), आर१५ची ८,५००ला. मिनिटाला जास्त स्फोट, म्हणजे जास्त ताकद. पण उष्णताही त्याच हिशेबाने वाढते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत जातो. जवळपास तेवढीच ऊर्जा सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर काढावी लागते, उरलेली सायलेन्सरवाटे जाते. १७ पीएस म्हणजे साडेबारा किलोवॉट. याचा अर्थ, पूर्ण थ्रॉटलला घरातले पाच-सहा गिझर एकदम लावावेत इतकी उष्णता दोन मुठींएवढ्या धातूतून हलवायची.

ती हलली नाही तर पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेटतो आणि इंजिन ‘नॉक’ करायला, म्हणजे आतून ठोकल्यासारखं वाजायला लागतं. त्यामुळे हवेवरच्या इंजिनात मिश्रण फार दाबता येत नाही. त्या आर१५मध्ये ते १०.४ पट दाबलं जायचं, कारण सिलिंडरभोवती कूलंट, म्हणजे उष्णता रेडिएटरकडे वाहून नेणारा द्रव, फिरत असतो. रेडिएटर स्वतः ताकद देत नाही, ताकद काढायची मुभा देतो.

मग स्प्लेंडरला रेडिएटर का नाही? तिच्या ९७ सीसीतून ८ पीएस निघतात. इंजिनाच्या दर लिटर क्षमतेमागे ते करिझ्मापेक्षा जास्तच भरतं! पण सिलिंडर लहान झाला की त्याचं आकारमान भराभर घटतं, पृष्ठभाग मात्र तितका घटत नाही. लहान वाटीतला चहा लवकर निवतो, तसंच हे. तिथे इंजिनावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या (फिन्स) पुरेशा होतात. काही गाड्यांत या चकत्यांमध्ये रबराचे तुकडे बसवलेले दिसतात. पुष्कळांना ते थंडाव्यासाठी वाटतात. खरं तर चकत्या थरथरून वाजू नयेत म्हणून ते असतात.

हवेवरच्या इंजिनाची अडचण सिग्नलला कळते. गाडी उभी, वारा बंद. रेडिएटरवाल्या गाडीत पंखा सुरू होतो, इंजिन सुखात राहतं, पण गरम झोत तुमच्या पायावर येतो. मे महिन्यात पुण्यातल्या सिग्नलवर याला सुधारणा म्हणणं जड जातं.

आणि घाटात डबलसीट असाल तर फक्त पीएस बघू नका. त्या करिझ्माचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १८ न्यूटन-मीटरच्या वर, तोही ६,००० आरपीएमला. त्या आर१५चा १५, तो ७,५००ला. वळणावर आर१५वाला गिअर पाडून इंजिन ओरडवतो, करिझ्मावाला त्याच गिअरात ओढून नेतो. एक मात्र दोघांनीही टाळावं: वर पोचल्यावर तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतणं. एका बाजूने एकदम आकसलेला धातू वाकतो, प्रसंगी तडकतोही. चहा घ्या, तोवर ती टिकटिक आपोआप थांबते.