पाळणाघरातलं मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता (पुणे)

पाळणाघर म्हणजे आईबाबा कामावर असताना लहान मुलांना दिवसभर सांभाळणारी जागा, साधारण सहा महिन्यांच्या बाळापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं इथे असतात आणि शाळेत जाणारी जरा मोठी मुलंही शाळा सुटली की व्हॅनमधून थेट इथेच उतरतात. पुण्यात याचं सगळ्यात जुनं रूप म्हणजे कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागांत एखाद्या काकूंनी स्वतःच्याच घरात सुरू केलेलं पाळणाघर, जिथे आठदहा मुलं, एक मदतनीस मावशी, दुपारी गरम वरणभात आणि हॉलमध्ये ओळीने घातलेल्या गाद्या. नंतर हिंजवडी, खराडी, बाणेर, मगरपट्टा इथे आयटी कंपन्या आल्या तशी 'डेकेअर' नावाची मोठी, सीसीटीव्हीवाली, ॲपवर फोटो पाठवणारी सेंटर्स आली. तिसरा प्रकार फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही, तो म्हणजे बांधकामाच्या साइटवरचं पाळणाघर. या तिन्ही ठिकाणी मूल आजारी कसं पडतं, जखमी कसं होतं आणि त्यापासून वाचतं कसं याची कारणं जवळपास सारखीच आहेत, म्हणून ही नोंद सगळ्यांना धरून आहे.

आजारपण आणि 'डोस देऊन सोडणं'

पाळणाघरात नवीन आलेलं मूल पहिल्या वर्षात सारखं आजारी पडतं हा जवळपास प्रत्येक घराचा अनुभव आहे, वर्षाला आठ ते बारा वेळा सर्दी होणं डॉक्टर या वयात नॉर्मलच धरतात, कारण घरात न भेटलेले सगळे व्हायरस इथे एकदम भेटतात. मुलं एकच खेळणं तोंडात घालतात, एकमेकांच्या बाटलीतून पाणी पितात, नाक पुसलेला हात दुसऱ्याच्या गालाला लावतात. त्यामुळे सर्दी पूर्ण थांबवता येत नाही, ती पसरण्याचा वेग मात्र नक्की कमी करता येतो.

त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट साबण किंवा फिनेलशी संबंधित नाही, ती खरं सांगण्याशी संबंधित आहे. सकाळी मुलाचं अंग गरम लागतं, आईला दहा वाजता मीटिंग असते, सुट्ट्या आधीच संपलेल्या असतात, मग पॅरासिटामॉलचा डोस देऊन मुलाला सोडलं जातं. औषधाचा असर चारसहा तासांत उतरतो, म्हणजे बरोबर जेवणाच्या वेळेला ताप परत चढतो, तोपर्यंत ते मूल सगळ्यांच्यात खेळलेलं असतं. काकू फोन करतात, आई हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, बाबा फोन उचलत नाहीत. यात आईला दोषी धरून काही होत नाही, तिच्याकडे खरंच दुसरा पर्याय नसतो. पण डोस दिलाय हे काकूंना सांगितलं नाही तर त्या दुपारी ताप बघून दुसरा डोस देतील आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरवर येतं. म्हणून चांगल्या पाळणाघरात दोन गोष्टी ॲडमिशनच्याच दिवशी ठरतात, एक म्हणजे सकाळी कुठलं औषध किती वाजता दिलं ते वहीत लिहूनच मूल सोडायचं, आणि दुसरी म्हणजे ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर आईबाबांशिवाय अजून कोण येऊन घेऊन जाणार त्याचं नाव आणि नंबर. औषधाशिवाय ताप उतरून २४ तास झाले की मूल परत यायला हरकत नसते. उलटी-जुलाबालाही थांबल्यापासून २४ तास हाच हिशोब बहुतेक ठिकाणी लावतात. कांजिण्यांना मात्र सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच.

औषधाच्या बाटलीबद्दल एक गोष्ट आवर्जून. पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या स्ट्रेंथचं मिळतं, ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं आणि २५० असलेलं दिसायला सारखंच, आणि ड्रॉप्स तर त्याहून कितीतरी कडक असतात. '५ एमएल द्या' एवढाच निरोप धोक्याचा आहे, बाटली घरून नाव लिहूनच द्यावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही. खोकल्याचं सिरप पाळणाघराने स्वतःहून कधीच देऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूषित सिरपमुळे मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळायची असं पुन्हा बजावलं.

पुण्यात पावसाळा सुरू झाला की हँड फूट माउथ येतं. तळहात, तळपाय, ढुंगणावर पुरळ आणि तोंडात फोड, मूल जेवत नाही, लाळ गळत राहते. गावाकडच्या आजीआजोबांना हे जनावरांचं लाळ्या-खुरकूत वाटतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हा माणसांचाच कॉक्सॅकी वगैरे एन्टेरोव्हायरसचा आजार आहे आणि बहुतेक मुलं आठदहा दिवसांत आपोआप बरी होतात. खरी अडचण अशी की पुरळ गेल्यावरही पुढचे काही आठवडे शीमधून व्हायरस बाहेर पडत असतो. म्हणजे मूल आठवडाभर घरी ठेवलं तरी डायपर बदलणाऱ्या मावशींचे हात धुतलेले नसतील तर उपयोग शून्य. आणि इथे सॅनिटायझर साबणाची जागा घेऊ शकत नाही, या जातीच्या व्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. साबण, वाहतं पाणी, २० सेकंद, प्रत्येक डायपरनंतर, प्रत्येक भरवण्याआधी. डायपर बदलायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब हवी आणि जी बाई डायपर बदलते तिनेच लगेच पोळीभाजी भरवायला बसू नये, निदान हात धुतल्याशिवाय तरी नाहीच. पाळणाघर बघायला जाल तेव्हा खेळण्यांपेक्षा बेसिन कुठंय आणि त्यावर साबण आहे का ते बघा.

लसीकरणाचं कार्ड बघूनच ॲडमिशन द्यावी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो, त्यामुळे पाळणाघरात अशी बाळं कायम असतात ज्यांचा पहिला डोसही व्हायचाय, त्यांना वाचवतात ती आजूबाजूची लस घेतलेली मुलं. महापालिकेच्या दवाखान्यात या लसी फुकट मिळतात.

पाणी आणि डास

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकिटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे पेशंट एकदम वाढले, हातापायातली ताकद जाणारी माणसं, त्यात लहान मुलंही. तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि कच्च्या चिकनमधून येणारा जंतू सापडला. तेव्हापासून पुण्यातल्या पालकांनी पाळणाघराला 'पाणी कुठलं?' हे विचारायला सुरुवात केली आणि हा प्रश्न आधीपासूनच विचारायला हवा होता. टँकरचं असो, विहिरीचं किंवा नळाचं, प्यायचं पाणी उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळू द्यावं, झाकून ठेवावं आणि काढायला दांड्याचं भांडं वापरावं. दुधाची पावडर कालवायचं पाणीही हेच. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट घालणं चूक आहे, क्षार जास्त झाले की बाळाला त्रास वाढतो.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे मूल घरी नसून पाळणाघरात असतं तेव्हाच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, गॅलरीत ठेवलेली जुनी खेळणी हे सगळं आठवड्यातून एक दिवस ठरवून कोरडं करायचं.

झोप, डबा आणि बादली

दुपारी सगळी मुलं झोपली की सांभाळणारी माणसंही जरा टेकतात आणि तीच वेळ तान्ह्या बाळांसाठी सगळ्यात नाजूक असते. एक वर्षाखालचं बाळ पाठीवरच झोपवायचं, टणक गादीवर, उशी, दुलई, सॉफ्ट टॉय काही जवळ नको. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे राईची उशी देतात, प्रेमानेच देतात, पण ती पाळणाघरात पाठवू नये. गळ्यातली काळ्या मण्यांची माळ, ताईताचा दोरा झोपताना काढून ठेवावा. आज्यांना हे पटत नाही, तरी सांगत राहावं, दोरा अडकून गळफास बसतो. काजळही नको, काही काजळांमध्ये शिसं सापडलेलं आहे.

डब्याचं तर विचारूच नका. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, चिवड्यातलं डाळं आणि सीझनला अख्खी द्राक्षं. आपल्याकडे मुलांच्या श्वासनळीतून डॉक्टर जे काढतात त्यात शेंगदाणा कायम पुढे असतो. दाण्याचं कूट चालेल, अख्खा दाणा पाच वर्षांखाली नको, द्राक्ष उभं चिरून. एक वर्षाखाली मध नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. घास अडकला आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालून खरवडू नका. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला मांडीवर पालथं, डोकं खाली करून पाठीत पाच थपडा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, मोठ्या मुलाला पाठीत पाच थपडा मारून मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके, आणि दुसऱ्याने तोपर्यंत १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, एकदा बाहुलीवर करून बघावं लागतं, निदान दोन जणींनी तरी फर्स्ट एडचं ट्रेनिंग घ्यायलाच हवं. रिमोटमधला बटण सेल गिळला तर थांबायचंच नाही, दोन तासांत अन्ननलिका जळू शकते, सरळ हॉस्पिटल.

बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवू नये, चालायला लागलेलं मूल डोकावतं आणि उलटं पडतं आणि त्याला बाहेर येता येत नाही, चारपाच इंच पाणी पुरतं. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. आणि सोसायटीतली पाळणाघरं बहुतेक तळमजल्यावर असतात, म्हणजे दारासमोर पार्किंग, रिव्हर्स घेणारी गाडी आणि आई दिसली म्हणून पळत सुटलेलं पोर, संध्याकाळी सहा ते सात या वेळात एक माणूस फक्त दाराशी हवा.

माणसं किती, माणसं कशी

केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत (२०२२ मध्ये तिची जागा 'पालना' योजनेने घेतली) २५ मुलांना एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस असं धरलेलं होतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस असावं म्हणतात. आपल्याला कुठला आकडा परवडतो यापेक्षा साधा विचार करावा, आग लागली तर एका बाईला कडेवर किती बाळं घेऊन जिना उतरता येईल? दोन. तीन म्हणजे फार झालं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, त्यानंतर राज्यभर पालक घाबरले आणि पुण्यातही कॅमेरे लागले. कॅमेरा हवाच, पण तो झाल्यानंतर दाखवतो. होऊ नये म्हणून मावशींना जेवायला आणि पाठ टेकायला वेळ हवा, पगार वेळेवर हवा, आणि बाळ तासभर रडतंय तर 'मला आता होत नाहीये, तू घे' असं दुसरीला म्हणायची मुभा हवी. वैतागून बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आपसात मिटवू' हा पर्यायच कायद्यात नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

कायदा आणि साइटवरची मुलं

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, ही तरतूद २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आली. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा ५० हून जास्त बायका काम करत असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली मागत होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था बरीच वर्षं साइटवर अशी पाळणाघरं चालवते. तिथे धोके वेगळे, सळया, उघडा खड्डा, सिमेंटची धूळ, क्युरिंगसाठी, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, साठवलेलं पाणी. आणि तिथल्या आईला अर्धा दिवस सुट्टी म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, त्यामुळे 'ताप आलाय, घेऊन जा' हा नियम तिथे तसाच लावता येत नाही, आजारी मुलासाठी तिथेच एक वेगळी गादी आणि त्याच्याजवळ बसणारी एक ताई ठेवावी लागते.