केशर यादीत कितवं?

लग्नसराईत लातूरच्या गंजगोलाईत मेकअपच्या सामानासाठी गर्दी उसळते. फाउंडेशनच्या खोक्यावर समोर केशराच्या काड्या छापलेल्या, आणि कामाचा मजकूर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोकं उलटं करून तो आधी वाचावा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० मध्येही हाच नियम आहे. म्हणून पहिलं नाव पुष्कळदा ‘अ‍ॅक्वा’ असतं, म्हणजे साधं पाणी! पण ही उतरंड १ टक्क्यापर्यंतच पाळावी लागते. त्याखालचे घटक कंपनी हवे तसे मागेपुढे लावू शकते. ही सीमा यादीत कुठे दाखवलेली नसते. मग ती ओळखायची कशी? फिनॉक्सिइथेनॉल शोधा. माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते हे रसायन. युरोपातल्या नियमांनुसार ते १ टक्क्याहून जास्त घालता येत नाही. त्या नियमांनी बनलेल्या मालात केशराचं नाव त्याच्यानंतर आलं, तर केशरही १ टक्क्याच्या वर नाही. आधी आलं तरी भरपूर आहे असं मात्र समजू नका. रेटिनॉलसारखा (‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) घटक एवढ्याशा प्रमाणातही काम करतो हे खरं. केशराला ती सवलत द्यायला मी तयार नाही.

यादीच्या शेवटी ‘सीआय’ आणि पाच आकडे दिसतात. ते रंगांचे क्रमांक. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ म्हणजे लोहाची लाल, पिवळी आणि काळी ऑक्साइडं. ७७८९१ हे पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड. गव्हाळ, सावळ्या छटा या चौघांच्या मिश्रणातून जमतात. लिपस्टिकवर ७५४७० दिसलं तर तो कार्माइन, कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. माळकरी घरात हा आकडा माहीत असलेला बरा.

‘सेटिल अल्कोहोल’ वाचून दचकू नका. तो मेणासारखा पदार्थ आहे, त्वचा कोरडी करत नाही.

भीती बाळगायची ती आठवडी बाजारातल्या, यादीच नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमची. अशा काही क्रीममध्ये पाऱ्याची संयुगं निघतात. ती त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होऊ देत नाहीत, म्हणून चेहरा उजळतो. पण पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडाला इजा करतो. भारतात अशी प्रसाधनं बनवायला बंदी आहे. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसलेली डबी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.