आरोग्य यंत्रणा व खासगी डॉक्टर यांचे सहकार्य (ग्रामीण विदर्भ)

जिल्हा परिषदेची आरोग्य यंत्रणा आणि गावोगावचे खासगी डॉक्टर यांच्यात रोगनोंदणी, मृत्युप्रमाणन व साथनियंत्रण यांसाठी चालणारा व्यवहार. तालुका आरोग्य अधिकारी व प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी एका बाजूला, तर मुख्यत्वे आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर दुसऱ्या बाजूला असतात.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून हा व्यवहार धरण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश अमदानीत मध्यप्रांतात कोतवाल आणि वऱ्हाडात गावचे पाटील जन्ममृत्यूची खबर देत. पण त्या साखळीत डॉक्टर नव्हता, त्यामुळे ती फार तर पूर्वपीठिका ठरते. वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे (१९५१) कुष्ठरोग सर्वेक्षणही मुख्यतः संस्थेच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांवर चालले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ ने मात्र शासनाने ठरवलेल्या क्षेत्रांत अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरवर मृत्यूचे कारण प्रमाणित करण्याची जबाबदारी टाकली; रुग्णालयाबाहेरील मृत्यूंसाठी या प्रमाणपत्राचा नमुना ४-अ आहे. कायद्याच्या दृष्टीने हा आरंभ अधिक ग्राह्य दिसतो.

क्षयरोग : या सहकार्याचा सर्वांत नियमबद्ध भाग. मे २०१२ च्या केंद्रीय आदेशाने खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णांची नोंद कळवणे बंधनकारक झाले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती न कळवणे तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या (२०२४ पासून रद्द) कलम २६९ व २७० (जीवघेण्या रोगाचा प्रसार होईल असे कृत्य) खाली आणले. नोंद मिळूनही योग्य कार्यवाही न करणारा आरोग्य अधिकारीही त्याच तरतुदीत आला, याचा उल्लेख सहसा होत नाही. माहिती ‘निक्षय’ या क्षयरुग्ण नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत भरली जाते. खासगी डॉक्टरला नोंदीसाठी ५०० व उपचाराचा निष्कर्ष कळवल्यावर आणखी ५०० रुपये देण्याची तरतूद झाली. खेड्यातला डॉक्टर निदान क्वचितच करतो. तो बेडका तपासणीसाठी रुग्णाला तालुक्याला पाठवतो आणि रुग्ण तिकडचाच होतो. प्रोत्साहनपर रकमेचा परिणाम मर्यादित राहण्याचे हेही एक कारण असावे.

अडचणी : बोगस डॉक्टरांची शोधमोहीम याच यंत्रणेमार्फत चालते. कारवाई करणारे व माहिती मागणारे हात एकच असल्याने परवानाधारक डॉक्टरही हातचे राखून बोलतात.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २६ नुसार अशा विषबाधेची खबर देण्याचे बंधन राज्य शासन अधिसूचनेद्वारे घालू शकते. साथरोगांच्या नियमित अहवालाचा भर मात्र संसर्गजन्य आजारांवर असतो, त्यामुळे अशी विषबाधा त्यातून निसटू शकते.

धारणी, चिखलदरा, एटापल्ली व भामरागड या तालुक्यांत खासगी दवाखाने तुरळक असल्याने वरील वर्णन तेथे फारसे लागू पडत नाही. मेळघाटात यंत्रणेचा संबंध डॉक्टरपेक्षा भूमकाशी (पारंपरिक वैदूशी) अधिक येतो.