बेळगाव सीमाभागातील नदीखोरी : जुन्या नकाशांतील दळणवळण व वस्ती

विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या क्रमवारीत निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक ही गावे ‘४७ एल’ पत्रकात (नकाशाच्या क्रमांक दिलेल्या चौकटीत) येतात, बेळगाव–खानापूर ‘४८ आय’मध्ये. त्यांचे इंचाला मैल प्रमाणाचे नकाशे या खोऱ्यांचा इतिहास वाचायला फार उपयोगी आहेत.

कृष्णा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा या नद्या पूर्वेकडे वाहतात. हमरस्ते मात्र उत्तर-दक्षिण. त्यामुळे इथला प्रश्न नदीतून जाण्याचा नव्हता, नदी ओलांडण्याचा होता. पुणे–बंगळूर रस्त्याला कागलजवळ दूधगंगा, यमगर्णीला वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी आडवी येते. आडवाटांवर उन्हाळ्यात बैलगाड्या उतारावरून, म्हणजे नदी उथळ असलेल्या जागेवरून, पाण्यात घालत, पावसाळ्यात नावेशिवाय गती नसे. नकाशावर काठाशी तुटलेली गाडीवाट समोरच्या काठावर पुन्हा सुरू झाली, की तिथे उतार किंवा नाव असणार हे ओळखावे.

कृष्णाकाठची गावठाणे पुराच्या पाण्यापासून वर, उंचवट्यावर दाटीने वसलेली. खालची गाळाची मळी शेतीला. खानापूरच्या रानात चित्र उलटे : लहान वाड्या, एकमेकींपासून दूर.

रेल्वेने हा पट बदलला. पूर्वी कापूस आंबोली घाटाने वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे. १८९० च्या सुमारास पुणे–लोंढा मीटरगेज मार्ग पुरा झाला, गोव्यातल्या मार्मागोवा बंदराची वाट खुली झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. उगार खुर्द व कुडची यांच्यामध्ये रूळ कृष्णा ओलांडतात. पण रेल्वे गावांसाठी वळली नाही. ‘चिकोडी रोड’, ‘गोकाक रोड’ ही स्थानके मूळ गावांपासून लांब पडली, आणि तिथवर पोचायला पुन्हा बैलगाडीच लागली. गोकाकच्या धबधब्याची गोष्ट वेगळी : सुमारे ५२ मीटर उंचीच्या त्या पाण्याच्या जोरावर १८८० च्या दशकात कापडगिरणी उभी राहिली आणि तिच्याभोवती कामगारवस्ती वाढली.

आजच्या भूमीशी हे नकाशे जुळवताना हिडकल धरणाचा परिसर सोडूनच द्यावा. घटप्रभेकाठची जुनी गावठाणे व वाटा तिथे जलाशयाखाली गेल्या. संस्थानी हद्दीही गोंधळात टाकतात. बेळगावला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानाचे, रायबाग कोल्हापूरचे. नकाशाच्या समासातले मोजणीचे साल आणि छपाईचे साल वेगवेगळे असू शकते. रस्ता त्या काळी होता की नाही, हे मोजणीच्या सालावरून ठरवावे.